ठकूची दुपार

आली! मेंढरं आली! म्हणजे अजून वावरात पोचली नाहीत, कालव्याच्या पुलापर्यंत आलीत, असा फोन आलाय. पण माझं लक्ष उडालंय आणि कणीक परातीत तशीच पडलीय. आमचे हे दारात उभे राहून हसताहेत. "लेकीच्या सासरची माणसं येतात तेव्हासुद्धा एवढी धावपळ करत नाहीस," म्हणतात. नाही करत! लेकीच्या सासरचे चहा पिऊन दोन तासांत जातात. ही मेंढपाळ माणसं महिनाभर आमच्या वावरात राहणार. आणि फोनवर त्यांच्यातल्या हौसाच्या मागून जो आवाज ओरडत होता ना, "बाई, मी बी आलीय, परीक्षा झाली माझी!", तो ऐकल्यावर कणीक कोण मळत बसेल?

कांदा निघालाय. कांदा साठवायच्या बराखी शिगोशीग भरल्यात, बाकीचा पिकअपमधून मंचरला गेलाय. वावरात कापलेली पात लोळतेय आणि तिचा उग्र वास घरात, कपड्यांत, पार चहातसुद्धा उतरलाय. आमचं गाव जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवरचं. कांदा निघाला की इथं मेंढरं बसवायची पद्धत आहे. मेंढरांनी पात खायची, रात्री वावरातच बसायचं, आणि त्यांच्या लेंड्यांचं पुढच्या पिकाला खत व्हायचं. लोणी-धामणीकडचा भिवा आणि त्याचे थोरले भाऊ म्हाळूभाऊ, हे दोघं दरसाल आमच्याकडे येतात. कळप वेगळे, चूल एक. हौसा ही भिवाची बायको आणि ठकू त्यांची मुलगी. पातीचा हा वास सुटला की मला ठकूच्या आठव्या वर्षीचा उन्हाळा आठवतो. आठवतो कसला, नाकातोंडात शिरतो.

त्या साली भिवानं बायको-पोरीला पहिल्यांदाच तळावर आणलं होतं. मी संध्याकाळी ताकाची कळशी घेऊन वावरात गेले. दिवस बुडाला होता. बिबट्याच्या धास्तीनं त्या वेळेला आमच्याकडे सगळ्यांचीच लगबग असते. वाघर लावायची, म्हणजे मेंढरांभोवती जाळीचं कुंपण उभं करायचं, आणि दिवसभर वेगळी ठेवलेली कोकरं आयांना प्यायला सोडायची. पन्नासेक कोकरं एकदम ओरडत होती, तेवढ्याच मेंढ्या ओ देत होत्या. मला तर पायाखालचं ढेकूळ दिसेना. आणि त्या गोंगाटात एक फ्रॉकवाली पोर नुसती धावत होती! हे कोकरू उचल, त्या मेंढीला लाव. ते उचल, तिला लाव. जिला चुकीचं पोर लावलं जातं ती मेंढी लाथ मारते, पण एकीनंही मारली नाही. मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

"अगं हौसा, पोर आहे की कोण ही! उद्या शाळेत पाठव हिला."

हौसा चुलीपुढून म्हणाली, "तिला दिवसा दिसत न्हाई, बाई."

"रात्री दिसत नाही म्हणायचंय का तुला?"

"न्हाई वो. अंधारात लई झ्याक दिसतंय. दिवसा डोळंच उघडत न्हाईत तिचं."

मी हसले. हो, हसले, आज सांगायची लाज वाटते. मग हौसानं खाली मान घालून सगळं सांगितलं. भिवाची थोरली बहीण, अक्का, तिचेही डोळे असेच. ती धामणीला घरातल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून असते. शाळा नाही, लग्न नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. आज ना उद्या ठार आंधळी होणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. आणि म्हाळूभाऊंनी ठरवून टाकलं होतं की हा तळ उठला की ठकूला टेम्पोत घालून अक्काजवळ पोचवायची, कायमची. मेंढरांमागं उन्हातान्हात ही पोर चालणार कशी? कुठं विहिरीत पडली तर? "दोघी एकमेकीला सोबत व्हतील," हौसा म्हणाली आणि उगाचच चूल फुंकत बसली. चूल चांगली पेटलेली होती.

झालं! माझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते निघत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. दुसऱ्या दिवशी सकाळी तळावर जाऊन ठकूला हाताला धरूनच वर्गात आणली. आणि केलं काय? ज्याला नीट दिसत नाही त्याला उजेडात बसवायचं, हे कुणीही सांगेल. उन्हाळ्यातली सकाळची शाळा, इमारतीचं तोंड पूर्वेला. मी तिला पहिल्या रांगेत थेट दारात बसवलं आणि वर विचारलं, "आता दिसतंय ना स्वच्छ?" तिनं मान हलवली. नव्या बाईंना पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणायचं?

आठ दिवस ती त्या दारात बसली. डोळे गच्च मिटलेले, डोकं गुडघ्यात, गालांवरून पाणी. कधी डोळे उघडलेच तर बुबुळं इकडून तिकडे थरथरायची. मला वाटायचं, झोप झाली नसेल. एकदा चित्र रंगवायला दिलं. ठकूचा टोमॅटो हिरवागार आणि पानं तपकिरी! पोरं खो खो हसली. मी म्हटलं, "अगं, ढिगानं टोमॅटो पिकतो आपल्याकडे, कधी बघितला नाहीस का?" तर तिनं खडूच्या कांड्या एकेक करून नाकाशी धरल्या आणि म्हणाली, "समद्यांचा वास सारकाच हाय, बाई." मी नोंदवहीत लिहिलं, 'रंगज्ञान कमी. लक्ष देत नाही.' ते वाक्य माझ्याच सुबक अक्षरात अजून त्या वहीत आहे. मी ते खोडलेलं नाही, मुद्दाम.

दुपारी मेंढरं काय करतात ते पाहिलंय का कुणी? झाड नसलेल्या वावरात ती एकमेकांना चिकटून उभी राहतात आणि प्रत्येक मेंढी दुसरीच्या पोटाखाली डोकं घालते. तेवढीच सावली. एका दुपारी मी शाळेतून घरी येताना पाहिलं, कळपाच्या मधोमध माणसाचे दोन पाय. ठकू! एका मेंढीच्या पोटाखाली डोकं घालून बसली होती. मी ओरडले, "अगं, घरात येऊन बस की!" तर आतून आवाज, "नगं बाई, तुमच्या दारापत्तुर ऊन हाय." वीस पावलं होती फक्त. मला रडू आलं ते त्या दुपारी, पहिल्यांदा.

तिचं मन रमवायला मी तिला मढच्या गोष्टी सांगायचे. मढ माझं माहेर, माळशेजच्या वाटेवरचं. तिथं पावसाळ्यात धुकं असं उतरतं की दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. भर दुपारी बारा वाजता सगळं राखाडी आणि गार. आमची आई वैतागायची, कपडे वाळत नाहीत म्हणून. ठकू मात्र हे ऐकताना टुणकन उठून बसायची. "लई दिस दिसत न्हाई सूर्य? खरंच? तितं शाळा हाय?" मी आयुष्यात माझ्या माहेराचं एवढं कौतुक कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. तिच्या आईला तर तिनं जाहीर करून टाकलं होतं, "मला मढलाच द्या."

आणि मग ती नव्या मेंढरांची संध्याकाळ आली.

दोन्ही भावांची मेंढरं दिवसा एकत्र चरायची आणि सांजेला दोन वाघरींत वेगळी व्हायची. ओळखायला पाठीवर रंगाचा ठिपका. भिवाच्या मेंढरांना हिरवा, म्हाळूभाऊंच्या मेंढरांना तांबडा. त्या दिवशी भिवाला ताप भरला म्हणून ठकूला वाटेवर उभी केली. एकेक मेंढरू समोरून यायचं आणि ही हातानं ढकलायची, हे इकडं, ते तिकडं. काय झरझर काम! मी बांधावर बसून बघत होते. संपल्यावर म्हाळूभाऊंनी आपली वाघर मोजली तर आठ कमी. त्याच सकाळी बाजारातून आणलेली आठ नवी मेंढरं भिवाच्या वाघरीत गेलेली.

म्हाळूभाऊ कडाडले, "डोळं फुटलं का तुजं? बाकी समदी बराबर घातली, अन् नवीच कशी चुकली?"

ठकू म्हणाली, "ह्यांची अजून वळख न्हाई मला, तात्या."

"वळख कशाला लागती? पाठीवर रंग दिलाय न्हवं, ताजा! तांबडा!"

ठकूनं वाकून एका नव्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. बोटं एकमेकांवर चोळली. "हितं वल्लं लागतंय," ती म्हणाली. "हे व्हय रंग?"

मी बांधावरून उठले ती धडपडतच. अहो, दोनशेच्या वर मेंढरं! या पोरीनं एकेकीला चेहऱ्यानं, कानाच्या वळणानं, चालीनं, आवाजानं ओळखून आपापल्या वाघरीत धाडलं होतं. तिला रंग दिसत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण तिचं काम कुठं अडलंच नव्हतं. आठ परकी मेंढरं आली तेव्हा कुठं कळलं. आणि माझा तो हिरवा टोमॅटो! माझं ते 'लक्ष देत नाही'! मी तिथंच भिवाला म्हटलं, "उद्या मंचरला जायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ताप असू दे नाहीतर काही असू दे, मी नेते." म्हाळूभाऊ म्हणाले, "आमच्या अक्काला बी अंगारे-धुपारे करून बगितलं, बाई. काय व्हत न्हाई." मी म्हटलं, "अक्काला डॉक्टर दाखवला होता का?" ते वाघरीकडे वळले.

मंचरच्या डॉक्टरांनी बॅटरी डोळ्यावर मारली तशी ठकू किंचाळली. त्यांनी बॅटरी ठेवून दिली आणि खोलीतला दिवाच घालवला. दाराच्या फटीतून येणाऱ्या अंधुक उजेडात तिची बुबुळं निम्म्यानं शांत झाली. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "बाई, मी हे पुस्तकात वाचलंय, समोर पहिल्यांदा बघतोय. पुण्याला जा. चिठ्ठी देतो." त्यांच्या आवाजात जे कुतूहल होतं ना, त्यानंच मला निम्मा धीर आला. तोवर आमच्याकडे या डोळ्यांविषयी कुणी कुतूहलानं बोललंच नव्हतं.

एसटीनं पुणे. सगळा रस्ताभर ठकू आईच्या पदराखाली. तिथं एका मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ठकूला अर्धा तास काळोख्या खोलीत बसवलं, डोळ्यांजवळ तारा चिकटवल्या. हौसा आणि मी भिंत चाचपत होतो. आणि ठकू! "आय, हितं खुर्ची हाय, बस. बाई, तुमी दारात हुब्या हाय, सरका." आणि मग डॉक्टरीणबाईंना, "तुमच्या कोटाची येक गुंडी तुटलीय." डॉक्टरीणबाई एवढ्या हसल्या की तपासणी परत पहिल्यापासून करावी लागली.

मग त्यांनी समजावलं. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक अंधाराच्या, दुसऱ्या उजेडाच्या आणि रंगांच्या. ठकूच्या अंधाराच्या पेशी उत्तम आहेत. दुसऱ्या जन्मापासूनच काम करत नाहीत. फार थोड्या मुलांना असं होतं. आईकडून एक बिघडलेलं जनुक येतं, वडिलांकडून तसंच दुसरं. एकच आलं तर काही होत नाही, दोन्ही आली की होतं. "तुमचं लग्न नात्यात झालंय का?" त्यांनी विचारलं. हौसा भिवाच्या मामाची मुलगी. तिचा चेहरा पडला. "मंजी माज्यामुळं झालं व्हय?" डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. "निम्मं तुमच्याकडून, निम्मं त्यांच्याकडून. तुम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. यात दोष कुणाचा?"

हौसानं पदर सारखा केला. मग एकच प्रश्न विचारला. मला वाटतं, तो घेऊनच ती आठ वर्षं जगत होती. "पोरगी आंधळी व्हनार का?"

"नाही. या आजारात नजर सहसा आहे तेवढीच राहते. लांबचं बारीक दिसणार नाही, रंग दिसणार नाहीत, त्यावर आज औषध नाही. पण आंधळी होणार नाही. आणि उन्हासाठी गडद तांबूस काचांचा चष्मा मिळतो, बाजूनंसुद्धा झाकलेला. पंधरा दिवसांत येईल."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघी बायका बसलो आणि भर रस्त्यात हसत-रडत राहिलो. लोक बघत होते. बघेनात का!

दुसऱ्या दिवशी मी वर्ग उलटा केला. ठकूला दारातून उठवून कपाटामागच्या कोपऱ्यात, सगळ्यात अंधाऱ्या जागेत बसवलं, हातात भिंग दिलं. तिनं पुस्तक नाकाला टेकवलं आणि अक्षर-अक्षर जोडत अख्खा धडा वाचला. अख्खा! तिला वाचता येतं हेच मला माहीत नव्हतं; गावाकडच्या शाळकरी पोरांकडून संध्याकाळी ओट्यावर बसून शिकली होती म्हणे. मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "ठकू, चूक माझी होती." ती म्हणाली, "असूद्या बाई." तेव्हापासून जूनमध्ये नवं मूल आलं की मी आधी एकच गोष्ट विचारते, तुला कुठं बसायला बरं वाटतं? पोरं गोंधळतात. त्यांना हे कुणी विचारलेलं नसतं.

पण म्हाळूभाऊ काही हलले नाहीत. "आंधळी न्हाई व्हनार, मान्य. पर उन्हात डोळं उघडत न्हाईत ते न्हाईतच न्हवं? वाटंनं ट्रक, ट्रॅक्टर. तिला हाताला धरून मेंढरं कोन हाकील?" माणूस वाईट नव्हता हो. बहिणीला एकदा उन्हात बैलगाडीखाली येता येता वाचवलेलं त्यांनी. पंधरा दिवस झाले, चष्मा काही येईना. मी रोज फोन करत होते, आमचे हे म्हणायचे, "ते लोक आता तुझा नंबर बघून उचलायचे नाहीत." आणि तळ उठायचा दिवस उजाडला. घोड्यांवर सामान लादलं गेलं. मेंढरं पायी निघणार, आणि रस्त्यावर टेम्पो येऊन उभा राहिला, ठकूला धामणीला न्यायला. तिचं गाठोडं त्यात ठेवलंसुद्धा. ती डोळे मिटून, आईचा पदर तोंडावर घेऊन बांधावर बसली होती. रडत नव्हती. मला ते जास्त लागलं.

दुपारचे तीन वाजले असतील. ऊन असं की बांध भाजत होता. आणि आमचे हे मोटारसायकल दामटत आले, लांबूनच हात हलवत, "आला! पार्सल आलं!" सकाळपासून मंचरच्या कुरियरवाल्याच्या दारात बसले होते, मला न सांगता.

मी डबी उघडली. पदराखालीच तिला चष्मा चढवला, तो कानांवर नीट बसेना. "उघड," मी म्हटलं. ठकूनं मान हलवली, नाही. "उघड गं, राणी, थोडेसेच." तिनं पदर बाजूला केला. एक डोळा किंचित उघडला. मिटला. परत उघडला. मग दुसरा. ती उठली आणि त्या तापल्या वावरात चार पावलं चालली, उघड्या डोळ्यांनी. मग एकदम थबकून खाली बघायला लागली.

"बाई," ती म्हणाली, "दिवसाबी पडती व्हय माजी सावली?"

चांदण्यातली सावली तिला माहीत होती. उन्हातही आपण सावली पाडतो, हे आठ वर्षांत तिला ठाऊक नव्हतं. हात वर केला, सावलीनं केला. पाय आपटला, सावलीनं आपटला. हसायलाच लागली! एवढ्यात कळपातलं एक कोकरू लटपटत आलं, उन्हानं कासावीस झालेलं. इकडं-तिकडं बघितलं आणि ठकूच्या सावलीत डोकं खाली घालून उभं राहिलं. ठकू ताठ झाली. "कुनी हलू नका," ती हळूच म्हणाली. "माज्या सावलीत आलंय."

आणि ती उभी राहिली, उन्हात, डोळे उघडे ठेवून. हौसा पदरात तोंड घालून रडत होती. मीही. म्हाळूभाऊ तिच्याकडे बघत होते. मग ते रस्त्याकडे गेले. टेम्पोतून ठकूचं गाठोडं काढलं, खांद्यावर टाकून परत आले आणि पुढच्या घोड्यावर आवळून बांधायला लागले.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "ओ भाऊ, पोरगी न्यायचीय ना?"

म्हाळूभाऊ गाठ मारतच म्हणाले, "न्हाई. ती चालत येतीय."